कंसातला पत्ता

मागच्या महिन्यातील गोष्ट. रविवारी सकाळी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या ओट्यावर वधू-वर नोंदणीची वही उघडून बसलो होतो. इतक्यात नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीत राहणारे आमचे परिचित गृहस्थ मुलीला घेऊन आले. वालीवच्या एका गाळ्यात मशीनवर काम करणारा हा माणूस. रविवार म्हणजे त्याचा झोपेचा एकमेव दिवस. तो सोडून आला म्हणजे काहीतरी गंभीर असणार हे आम्ही ओळखले. मुलगी यंदा बारावी झालेली. वसतिगृहाच्या अर्जात वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकले होते, आणि दाखल्याशी ते जुळत नव्हते. दुरुस्तीसाठी ई-मेलने कळवावे, अशी सूचना होती. मुदतीचे तीन दिवस उरले होते.

‘‘काका, मी आठ दिवसांपूर्वीच मेल केलाय. त्यांचं उत्तरच येत नाही,’’ मुलगी म्हणाली.

‘‘दादा, आपल्या पोरांचे अर्ज हे लोक मुद्दाम दाबतात,’’ वडील म्हणाले.

खरे सांगायचे तर क्षणभर आम्हालाही तसेच वाटले. चळवळीत वीस वर्षे काढल्यावर माणसाच्या मनात पहिला विचार तोच येतो. पण आम्ही पेशाने कारकून. आवक-जावक रजिस्टर लिहिण्यात अर्धे आयुष्य गेले. पत्र दाबले असे म्हणण्याआधी ते पोहोचले का, हे पाहायचे असते. म्हणून मुलीचा मोबाईल मागून घेतला आणि तिची मेलची पेटी उघडली. पेटीत कर्जाच्या, लॉटरीच्या, ‘घरबसल्या कमवा’च्या जाहिरातींचा ढीग. त्या ढिगात, तिने मेल पाठवल्यानंतर दोनच मिनिटांनी आलेले एक इंग्रजी पत्र न उघडता पडले होते. आपण लिहिलेला पत्ता सापडला नाही, सबब मेल पोहोचला नाही, एवढाच त्याचा मजकूर. मुलीला वाटले होते की तीही एक जाहिरातच.

पत्ता चुकला कसा? त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो असा काही छापला होता : आधी कार्यालयाचे नाव, मग चौकोनी कंसात ‘डॉट’, मग शाखेचे नाव, मग चौकोनी कंसात ‘ॲट’, पुढे सरकारी नाव, पुन्हा कंसात ‘डॉट’ आणि शेवटी ‘इन’. मुलीने जसा दिसला तसा तो टाईप केला. मोबाईलने घेतला नाही. तिने कंस काढले, तरी घेतला नाही. मग मैत्रिणीने सांगितले म्हणून तिने ‘ॲट’च्या जागी @ हे चिन्ह घातले, शेवटच्या ‘डॉट’च्या जागी टिंब दिले, आणि मेल गेला. पण सुरुवातीचा ‘डॉट’ तीन इंग्रजी अक्षरांत तसाच राहिला. तो नावाचाच भाग असावा असे तिला वाटले. यात त्या मुलीचे काय चुकले, वाचकहो, तुम्हीच सांगा. शाळेत तिला संगणकाचा विषय होता, पण हे कोणी शिकवले नव्हते.

आम्ही तिथल्या तिथे नीट पत्ता लिहून मेल पाठवला, आणि सोमवारी वडिलांनी खाडा करून स्वतः कार्यालय गाठले. खाड्याचा पगार गेला. दुरुस्ती झाली. पहिल्या यादीत मात्र मुलीचे नाव आले नाही, दुसऱ्या यादीत आले. तोवर त्या घरात जे पंधरा दिवस गेले, ते त्या आईलाच ठाऊक.

आता कोणी म्हणेल, सरकारने हा खेळ मांडला कशाला? सरळ पत्ता का छापत नाहीत? याचे उत्तर थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

@ हे चिन्ह आमच्या जुन्या ओळखीचे. बी.कॉम.ला जमाखर्च शिकताना, आणि त्याही आधी वाण्याच्या बिलावर, पाच किलो @ अमुक रुपये असे लिहिलेले आम्ही पाहत होतो. म्हणूनच आपल्याकडे लोक आजही त्याला ‘ॲट द रेट’ म्हणतात. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवण्याची सोय करताना हे चिन्ह उचलले. कळफलकावर ते होते आणि कोणाच्याही नावात ते येत नव्हते. अलीकडे माणूस, पलीकडे त्याचा संगणक, मध्ये हे चिन्ह. सात वर्षांनी, मे १९७८ मध्ये, गॅरी थ्युर्क नावाच्या एका विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीचे संगणक खपवण्यासाठी सुमारे चारशे जणांना एकदम एकच निरोप पाठवला. न मागता आलेली ती पहिली जाहिरात मानतात. लोक संतापले, पण कंपनीचा माल खपला म्हणतात, आणि रोग तेव्हापासून लागला.

तो बळावला १९९४ साली. अमेरिकेतील एका वकील जोडप्याने ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात संगणकावरच्या हजारो सूचनाफलकांवर एकाच वेळी चिकटवली. (परदेशात नेतो म्हणणाऱ्यांच्या पाट्या नालासोपारा स्टेशनबाहेर आम्ही रोज पाहतो, त्यामुळे आम्हाला याचे नवल वाटले नाही.) त्याच सुमारास काही हुशार लोकांच्या ध्यानात आले की त्या सूचनाफलकांवर आपण आपला पत्ता लिहिला की थोड्याच दिवसांत जाहिरातींचा मारा सुरू होतो. कारण पत्ते गोळा करायला माणूस बसवलेलाच नसतो. एक प्रोग्रॅम रात्रंदिवस एकामागून एक पाने उघडतो. त्याला वाचता काही येत नाही. तो एवढेच शोधतो की @ हे चिन्ह कुठे आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरे आहेत का, आणि पुढे टिंब आहे का. सापडले की उचलले. अशा लाखो पत्त्यांच्या याद्या बनतात आणि विकल्या जातात. टपालाने जाहिरात पाठवायची तर प्रत्येक पाकिटाला तिकीट लागते. इथे दहा पत्रे पाठवा की दहा लाख, खर्चात फारसा फरक नाही. त्यामुळे हजारांत एखादा फसला तरी पाठवणाऱ्याचे भागते.

यावर त्या लोकांनी तोड काढली. पत्ता असा लिहायचा की माणसाला कळेल, पण प्रोग्रॅमला कळणार नाही. कोणी @ च्या जागी ‘ॲट’ असे अक्षरात लिहिले, कोणी पत्त्यात मध्येच एखादा फालतू शब्द घालून ‘हा शब्द काढून मग पाठवा’ अशी तळटीप दिली. काहींनी तर सरळ खोटाच पत्ता देऊन टाकला, आणि तिथे घोटाळा झाला, कारण तुम्ही मनाने रचलेला पत्ता दुसऱ्या कोणाचा तरी खरा असू शकतो आणि कचरा मग त्याच्या दारात पडतो. अखेर १९९९ साली ‘इन्व्हॅलिड’सारखी काही नावे अशी राखून ठेवण्यात आली की ती कधीच कोणाचा खरा पत्ता होणार नाहीत. आपल्याकडे दुकानात बिलाच्या वेळी नंबर मागितला की काहीजण तोंडाला येईल तो दहा आकडी नंबर सांगून मोकळे होतात. तो नंबर असलेल्या कोणा बिचाऱ्याला पुढे वर्षभर साड्यांच्या सेलचे निरोप येत राहतात. असे करू नये.

ही लपवाछपवी कामाला आली का? आली. २००३ साली अमेरिकेतील ‘सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने एका प्रयोगाचा अहवाल काढला. त्यांनी शेकडो नवे ई-मेल पत्ते तयार केले, प्रत्येक पत्ता एकाच कामासाठी वापरला आणि सहा महिने वाट पाहिली. आलेल्या कचऱ्यापैकी बहुतेक सगळा कचरा संकेतस्थळांवर उघडे लिहिलेल्या पत्त्यांवर आला. जे पत्ते ‘ॲट’ वगैरे अक्षरांत लिहून झाकले होते, त्यांच्याकडे काहीच आले नाही. आपल्या सरकारी संकेतस्थळांवरचा चौकोनी कंस हा त्याच विचाराचा. संकेतस्थळाची सुरक्षा तपासणारे लोक उघड्या पत्त्याला दोष धरतात, म्हणून कार्यालये कंस घालतात.

मात्र २००३ला आता बराच काळ लोटला आहे. ‘कंसातील ॲट दिसला की त्याचे @ कर’ हे प्रोग्रॅमला शिकवणे आज दोन ओळींचे काम आहे. दुसरीकडे, मेल देणाऱ्या कंपन्या स्वतःच कचरा चाळून वेगळ्या खणात टाकू लागल्या आहेत. म्हणजे कंसाची भिंत पूर्वीइतकी जाड राहिलेली नाही. थोडाफार अटकाव ती करते, नाही असे नाही. पण चोरांच्या यंत्राला जे आज कळते, ते नालासोपाऱ्याच्या बारावी झालेल्या मुलीला कळत नाही, ही परिस्थिती आहे. काही कार्यालये तर पत्त्याचे चित्र करून चिकटवतात. दृष्टिहीन माणसे मोबाईलकडून मजकूर मोठ्याने वाचून घेतात. तो मोबाईल चित्रापाशी आला की बऱ्याचदा गप्प बसतो.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ (१) (ख) म्हणते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांची निर्देशिका आणि जन माहिती अधिकाऱ्यांची नावे स्वतः होऊन प्रसिद्ध केली पाहिजेत. पत्ता प्रसिद्ध करण्याचा हेतू लोकांनी त्यावर लिहावे हाच ना? आमच्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आहेत. एक १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, दुसरा १९५६ साली भुईगावात. बंदराच्या गावी, लोकांच्या भाषेत, दगडावर कोरलेली ती सूचना होती. आजच्या सूचना लिहिणाऱ्यांनी सोपाऱ्याचा फेरफटका मारावा, असे आम्हाला पुष्कळदा वाटते.

आमचे मागणे मोठे नाही. कंस ठेवायचे तर ठेवा. पण खाली मराठीत एक ओळ छापा की ‘ॲट’च्या जागी @ लिहावे, प्रत्येक ‘डॉट’च्या जागी टिंब द्यावे, कंस आणि मोकळी जागा काढून टाकावी. शाई लागत नाही, कागद लागत नाही. पूर्वी गरीब माणूस रजिस्टर एडी करायचा. सहीची पोच घरी यायची, ती तो ट्रंकेत जपून ठेवायचा. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. अर्ज, तक्रारी, दुरुस्त्या आता मेलवर चालल्या आहेत. अशा वेळी पत्त्याचे ठिपके ज्याला जुळवता आले नाहीत त्याची मुदत टळते, आणि फाईलवर मात्र ‘अर्जदाराने कळविले नाही’ एवढेच राहते.

कायद्याने या जाहिरातबाजांना आवर घालता येणार नाही का, असेही आम्हाला त्या दिवशी विचारण्यात आले. याचा एक धागा आपल्या पालघरशी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचे कलम होते. त्रास देण्यासाठी किंवा कुठून आला याविषयी दिशाभूल करण्यासाठी पाठवलेला ई-मेल हा त्यातल्या एका पोटकलमानुसार गुन्हा होता. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये याच कलमाखाली पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. मुंबई बंदविषयी एकीने लिहिले होते आणि दुसरीने ते पसंत केले होते. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते, आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ते प्रकरण देशभर गाजले. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने अख्खे कलम घटनाबाह्य ठरवले. ते योग्यच झाले, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मुलींना तुरुंगाची भीती घालणारे कलम कचरा अडवण्यासाठी ठेवा, असे कोण म्हणेल? त्याबरोबर मेलविषयीचे ते पोटकलमही गेले. फोन आणि एसएमएसच्या जाहिरातींवर ट्रायचे नियम आहेत, १९०९ वर नोंद करता येते. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवले तर कलम ६६-ड आजही आहे. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा. थांबलेले पैसे पहिल्या तासांतच थांबतात. पण नुसत्या कचरा-मेलसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तेव्हा आपला पत्ता आपणच सांभाळायचा.

आणि इथे आम्हाला आपल्या घरात डोकावावे लागते. कार्यालये पत्ता कंसात ठेवतात, आणि आपण? त्याच ओट्यावर आमच्यापुढे वधू-वरांची वही होती. मेळाव्याची पुस्तिका आता छापत नाहीत, मोबाईलवर पाठवतात. मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ (आपल्याला ती कशाला हवी, हा वेगळ्या लेखाचा विषय), राहण्याचा पत्ता, ती काम करते त्या ठिकाणाचे नाव, तिचा स्वतःचा मोबाईल नंबर, तिचा ई-मेल, आणि तोही बहुधा नाव आणि जन्मसाल जोडून केलेला. विरारच्या एका गटातली ती पुस्तिका दोन दिवसांत नाशिक, नांदेड करून कुठल्या कुठे जाते. मग मुलींच्या फोनवर रात्री अकराला ‘हाय’ येते. एका पालकांना ‘खात्रीचे स्थळ’ दाखवण्याची फी म्हणून एकवीसशे रुपये मागणारा फोन आला. त्या माणसाला मुलीची जन्मतारीखसुद्धा पाठ होती. पालकांनी पैसे भरले. पुढे तो नंबर कधी लागला नाही.

हे आम्ही बैठकीत मांडले, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी उखडले. गिरणीत आयुष्य काढलेले, सत्तरी पार केलेले हे गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘नोकरीच्या अर्जावर वस्तीचं नाव दिसलं की अर्ज बाजूला पडायचा, म्हणून आमच्यातल्या कित्येकांनी दुसऱ्याचा पत्ता दिला. खोली भाड्यानं मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगितलं. मी नाही सांगितलं. आता तुम्ही पोरांना पुन्हा लपवायला शिकवताय?’’

बैठक थोडा वेळ गप्पच झाली. आमच्याही वडिलांनी काही वर्षे मालाडच्या एका मित्राच्या पत्त्यावर पत्रे मागवली होती, ती आम्हाला आठवली. ते पत्र घेऊन येताना त्यांची मान कशी असायची, तेही आठवले. आम्ही त्या काकांना एवढेच म्हणालो, की काका, नाव लपवू नका, आडनाव लपवू नका, ‘बौद्ध’ हा शब्द तर ठळक लिहा. फक्त पोरीचा फोन नंबर आणि मेल कोणाच्याही हातात पडेल असा टाकू नका. त्यांना ते पटले की नाही, कळले नाही. चहा न घेता गेले.

तोड आपल्याकडे पूर्वीच होती. वर्तमानपत्रातल्या स्थळांच्या जाहिरातीत घरचा पत्ता नसायचा, ‘बॉक्स नं. अमुक’ असे असायचे. पत्र वर्तमानपत्राच्या कचेरीत यायचे, तिथून ते पाकीट घरी. यावेळच्या मेळाव्याच्या पुस्तिकेत आम्ही तेच करायचे ठरवले आहे. प्रत्येक स्थळाला फक्त नोंदणी क्रमांक. संपर्कासाठी मंडळाचा एक नंबर आणि एक ई-मेल, आणि तो सांभाळायला महिला मंडळाच्या दोन ताई. विचारणारा कोण, कुठला, हे पाहून मगच घरचा नंबर दिला जाईल. यात दोन ताईंचे काम वाढते, आणि काही पालकांना हा उशीर सोसत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

मुलांना आम्ही सांगतो की अर्ज, बँक आणि कॉलेज यांच्यासाठी एक ई-मेल ठेवा, आणि दुकाने, स्पर्धा, नोकरीच्या अनोळखी जाहिराती यांच्यासाठी दुसरा. पहिल्यात जन्मसाल घालू नका, आणि तो कुठेही उघडा लिहू नका. कुठे लिहावाच लागला तर ‘ॲट’ अक्षरात लिहा आणि खाली मराठीत खुलासा करा. पहिल्या मेलची पेटी आठवड्यातून दोनदा तरी उघडा, आणि ‘पत्ता सापडला नाही’ असे उत्तर आले आहे का ते बघा. मेल पाठवल्यावर लगेच पाच मिनिटांनी बघा, तर उत्तमच. त्या मुलीचे आठ दिवस तेवढ्यानेच वाचले असते.

त्या कार्यालयाला आम्ही विहाराच्या लेटरहेडवर पत्र लिहिले आहे. पत्त्याखाली मराठीत ती एक ओळ घाला, अशी विनंती केली आहे. पत्र स्पीड पोस्टाने गेले आणि मेलनेही गेले. मेल त्या मुलीनेच टाईप केला, सगळे ठिपके नीट देऊन. परत काही आले नाही, म्हणजे पोहोचला असावा. उत्तराची वाट पाहत आहोत.